ओट्यावरचा पेपर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याचा हा माझ्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग. आजवर ह्या व्यासपीठाशी माझा संबंध आला तो कार्यक्रमाआधी सतरंजी अंथरण्यापुरता आणि कार्यक्रमानंतर ती झटकून घडी घालण्यापुरता. चिटणीसबाई जेव्हा म्हणाल्या की यंदा तुम्ही बोलायचे, तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली बाई. आमच्या गावात सातवीपुढे वर्ग नव्हते, पुढची शाळा ओढ्यापलीकडच्या गावात होती, आणि पावसाळ्यात मुलींना ओढा ओलांडू देत नसत. मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "गुरुवारी ओट्यावर बसून जे बोलता तेच बोला. फक्त जरा सावकाश." तेव्हा मी आज ओट्यावरच्या गप्पाच सांगणार आहे. काही चुकलेमाकले तर पोटात घाला.

ज्या नवीन सभासद आहेत त्यांच्यासाठी सांगते. गुरुवारी शिवणवर्ग चार वाजता सुटला की आम्ही सात-आठ जणी मंडळाच्या खोलीबाहेरच्या ओट्यावर बसतो. कोणी गवार मोडायला आणते, कोणी लसूण सोलायला, कोणी नुसतेच गुडघे दुखतात म्हणून टेकते. तळमजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना आम्ही सगळ्याच नुसते 'बाई' म्हणतो, त्या पेपर मोठ्याने वाचतात. पूर्वी त्या पहिले पान वाचत, मग निधनवार्ता, मग राशिभविष्य. मधली पाने, म्हणजे बँका, कारखाने, शेअर बाजार, मोबाइल ह्यांच्या बातम्यांची, आमच्या वाटणीला येत ती वेगळ्या कामासाठी. त्यांच्यावर आम्ही गवारीची देठे टाकत असू आणि शेवटी पुरचुंडी करून केराच्या डब्यात. त्या पुरुषांच्या बातम्या, अशी आमची समजूत. आमच्या घरातल्या पुरुषांचीही तीच समजूत होती, त्यामुळे कोणाचे काही अडत नव्हते.

हे अडले ते २०२१ सालच्या सप्टेंबरात.

तोंडाला मास्क बांधून आम्ही एकमेकींपासून अंतर ठेवून बसलो होतो. बाईंच्या हातून चुकून मधले पान उलटले आणि त्यांनी वाचले, "चिपच्या तुटवड्यामुळे मोटारींचे उत्पादन घटले." चिप म्हणजे आम्हांला ठाऊक बटाट्याच्या. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "का हो, ड्रायव्हरला वेफर्स दिल्याशिवाय गाडी चालत नाही की काय?" खूप हसलो. बाईंचा नातू इंजिनिअरिंगला होता, तो जिन्यावरून उतरत होता. त्याला थांबवून विचारले. तो म्हणाला, चिप म्हणजे नखाएवढा एक तुकडा. वाळूपासून सिलिकॉन म्हणून पदार्थ काढतात, त्याच्या पातळ चकतीवर विजेला जायला अतिशय बारीक वाटा कोरतात, आणि मग त्या चकतीचे तुकडे करतात. मोबाइलमध्ये तीच, धुण्याच्या यंत्रात तीच. एका मोटारीत अशा शेकडो असतात, काही गाड्यांत हजाराच्यावर. काच वर-खाली करायला एक, ब्रेकला एक, दिव्यांना एक. त्यांतली एक जरी मिळाली नाही तरी बाकी सगळी मोटार तयार असून कारखान्याच्या मैदानात उभी राहते. मारुती कंपनीने जाहीर केले होते की त्या महिन्यात त्यांच्या हरियाणातल्या कारखान्यांत नेहमीच्या सुमारे ४० टक्केच गाड्या होतील.

मी गवार मोडता मोडता थांबले. आमचे हे भोसरीला एका लहान वर्कशॉपमध्ये टर्नर आहेत. तिथे मोटारीच्या गिअरबॉक्समध्ये बसणारे बुश होतात. आणि गेले पंधरा-वीस दिवस मला एक गोष्ट खुपत होती, पण तिला नाव देता येत नव्हते. ह्यांचे कपडे मी हाताने धुते. लेथवर काम करणाऱ्या माणसाच्या बाह्यांना ऑइलचे डाग असतात, ते कितीही साबण लावला तरी पुरते जात नाहीत. त्या पंधरवड्यात आठवड्यातून तीन दिवस शर्ट अगदी स्वच्छ येत होता. डबा मात्र रोज रिकामा येत होता, आणि हे रोज त्याच वेळेला निघून त्याच वेळेला परत येत होते.

रात्री वाढता वाढता मी विचारले, "तुमच्या कामाला चिप लागते का हो?" ह्यांच्या हातातला घास तसाच राहिला. मग सगळे सांगितले. मोठ्या कंपनीच्या गाड्या अडकल्या, म्हणून तिने बुश उचलायचे थांबवले; म्हणून वर्कशॉप आठवड्यातून तीनच दिवस चालू होते; म्हणून पगार निम्मा होणार होता. बाकीचे तीन दिवस हे एका ओळखीच्या टपरीवर बसून डबा खात आणि पाच वाजले की घरी येत. मला काळजी नको म्हणून. भगिनींनो, ती काळजी माझी मी केली असती तर निदान त्या महिन्यात मिक्सरचा हप्ता सुरू केला नसता!

त्या दिवाळीत मी भाजणीच्या चकल्यांच्या ऑर्डरी घेतल्या. तुमच्यांतल्या बऱ्याच जणींनी माझ्या चकल्या खाल्ल्या आहेत, पण त्यामागचे कारण आज पहिल्यांदा ऐकत असाल. आणि त्या चकल्यांनीच मला चिपचा तुटवडा का झाला ते समजावले. गिरणीत डब्यांची रांग होती. एका बाईने मला घाई नाही म्हणून आपला डबा उचलून घरी नेला. तास-दोन तासांनी ती परत आली तर तिची जागा भरून गेली होती आणि तिला पार शेवटी उभे राहावे लागले. २०२० साली कोविडमध्ये मोटारवाल्यांनी अगदी हेच केले. गाड्या कोण घेणार म्हणून त्यांनी चिपच्या रांगेतून आपले डबे काढून घेतले. इकडे मुलांची शाळा घरून, नोकऱ्या घरून. लॅपटॉप आणि मोबाइल ह्यांना मागणी आली. त्यांनी आपले डबे रांगेत लावले. पुढे मोटारींना गिऱ्हाईक आले तेव्हा मोटारवाले रांगेच्या शेवटी. बरे, हे दळण तासाभराचे नव्हे, एक चिप तयार व्हायला तीन-तीन महिने लागतात. आणि गिरण्या तरी किती? अशा सूक्ष्म चिपांची मोठी गिरणी तैवान बेटावर. जपानात नाका म्हणून गाव आहे, तिथल्या चिपच्या कारखान्याला मार्च २०२१ मध्ये आग लागली, त्याच्या आधीच्या महिन्यात अमेरिकेत टेक्सासला बर्फाच्या वादळाने वीज जाऊन कारखाने थांबले. तिकडे बर्फ पडले आणि इकडे चिंचवडला माझ्या घरी तेलाचा डबा पंधराचा पाच किलोंवर आला.

तेव्हापासून बाई मधली पाने आधी वाचतात. देठे आता राशिभविष्यावर.

सगळ्याच बातम्या अशा जड नसतात. आपल्या चौकातल्या भाजीवाल्या मावशींचेच पाहा. त्यांना अक्षरओळख नाही, पण त्यांच्या गाड्यावर पैसे आल्याचे बोलून दाखवणारा डबा आहे. पूर्वी काही उनाड पोरे मोबाइलवर पैसे भरल्याचे खोटे चित्र दाखवून मेथी घेऊन जात. मावशी सांगतात, "चित्र कुणीबी काढतंय. डबा बोलला तरच जुडी हातात." मी तर म्हणते, मोबाइलवरून पैसे देण्याची ही जी यूपीआयची पद्धत २०१६ साली सुरू झाली, तिच्यावरचे सगळ्यांत शहाणे भाषण ते हेच. ऑगस्ट २०२५ ह्या एका महिन्यात देशभर ह्या पद्धतीने २००० कोटींच्यावर देवघेवी झाल्या असे पेपरात होते. हा आकडा बाईंनी दोनदा वाचला. एवढे शून्य आमच्यापैकी कोणीच कधी लिहिलेले नाहीत.

पण मावशींचा डबा जे शिकवतो त्याच्या पुढची पायरी पुष्कळ जणींना ठाऊक नसते, म्हणून इथे सांगूनच टाकते. आपल्या खात्यात पैसे यायचे असतील तर पिन कधीही घालावा लागत नाही. पिन लागतो तो पैसे जायला. "ताई, तुम्हांला बक्षिसाचे पैसे पाठवतोय, पिन टाका," असे जो म्हणेल तो देणारा नव्हे, नेणारा. पूर्वी अशी मागणी सरळ आपल्या मोबाइलवर येऊन बसायची आणि लोक बोट लावून मोकळे व्हायचे. एका माणसाने दुसऱ्या माणसाला अशी मागणी धाडण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. तरी पिनचे लक्षात असू द्या.

आता ठेवींविषयी. ह्यात माझे ज्ञान म्हणजे खजिनदारबाईंकडून उसने घेतलेले. २०१९ च्या सप्टेंबरात मुंबईच्या पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले आणि पहिल्यांदा खातेदारांना आपल्याच पैशातले हजार रुपये काढता येतील असे सांगितले. लोक बँकेच्या दारात रडत उभे होते, ते सगळ्यांनी दूरदर्शनवर पाहिले असेल. त्या वेळी ठेवींना विमा होता एक लाखापर्यंत. फेब्रुवारी २०२० पासून तो पाच लाख झाला. म्हणजे एका बँकेत एका माणसाचे मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंत संरक्षण. खजिनदारबाई सांगतात की १९६२ साली हा विमा सुरू झाला तेव्हा ही मर्यादा होती १५०० रुपये. वहिनी लगेच म्हणाल्या, "म्हणजे लाडक्या बहिणीचा एक महिना!" वहिनींचे डोके हिशेबात असे चालते.

मात्र हा विमा बँकेतल्या ठेवींना आहे, सहकारी बँकेतल्यासुद्धा. पतसंस्थेतल्या ठेवींना तो नाही. हे वाक्य बाईंनी वाचले तेव्हा ओट्यावर एकदम शांतता झाली. आमच्यांतल्या निम्म्या जणी पतसंस्थेला बँकच म्हणत होत्या. तसाच काउंटर, तसेच पासबुक, वर व्याज अर्धा-एक टक्का जास्त आणि भेटीला एक स्टीलचा डबा. माझ्या नात्यातल्या एका विधवा बाईंनी नवऱ्याच्या फंडाचे पैसे अशाच एका संस्थेत ठेवले. संस्थेचे नाव मी घेत नाही. आज किती तरी वर्षे त्या दर महिन्याला तिथे जाऊन येतात. सगळ्याच पतसंस्था वाईट असतात असे मी म्हणत नाही, आपल्या भागात चांगल्या चाललेल्या आहेत. पण पैसे ठेवताना आपण बँकेत ठेवतो आहोत की पतसंस्थेत, हे तरी बाईमाणसाला ठाऊक असावे. दुसऱ्या दिवशी खजिनदारबाईंनी मंडळाचे पासबुक काढून पाहिले. आपले पैसे बँकेत आहेत, काळजी नसावी.

ओट्यावर भांडणेही होतात. सर्वांत मोठे भांडण झाले ते मुलींनी कारखान्यात जावे की नाही ह्यावर, आणि त्याला कारण माझीच थोरली. ती मेकॅनिकलचा डिप्लोमा करीत होती. शेवटच्या बिऱ्हाडातल्या काकूंचे म्हणणे, मुलीची जात, पाळीपाळीची ड्यूटी, घरी यायला रात्र, हे आपल्यात शोभते का? बाईंनी त्यांना सुधा मूर्तींची गोष्ट सांगितली. १९७४ च्या सुमारास टेल्को कंपनीने इंजिनिअर पाहिजेत अशी जाहिरात दिली आणि खाली छापले की स्त्रियांनी अर्ज करू नयेत. ह्या मुलीने सरळ जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले. पुढे तिला मुलाखतीला बोलावले आणि पुण्याच्या कारखान्यात घेतले. आपल्याच पिंपरीला! आणि त्याच कंपनीच्या पिंपरीच्या कारखान्यात आता काही मोटारींची सगळी जुळणी हजाराहून अधिक बायका करतात, अशी बातमी बाईंनीच २०२४ साली वाचली होती. पन्नास वर्षांपूर्वी ज्या फाटकावर बायकांना मनाई होती तिथे आता त्यांच्यासाठी बसगाड्या उभ्या असतात, असे त्या म्हणाल्या तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी नाही वाजवल्या. कारण त्याच पेपरातली दुसरी एक बातमी मला विसरता येत नव्हती. तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरला फॉक्सकॉन कंपनीचा मोबाइल जोडण्याचा कारखाना आहे, तिथे हजारो मुली काम करतात. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांच्या वसतिगृहातल्या जेवणातून विषबाधा झाली, दीडशेहून अधिक मुली इस्पितळात गेल्या. तेव्हा बाकीच्या मुली रात्रीच्या रात्री चेन्नई-बंगळूर रस्त्यावर येऊन बसल्या. कारखाना काही आठवडे बंद राहिला. मी काकूंना म्हटले, मुलीने कारखान्यात जाऊ नये असे मी म्हणत नाही. पण ती तिथे काय जेवते, कुठे झोपते, तिची नेमणूक कंपनीची की कंत्राटदाराची, हे मी विचारणार. काकू म्हणाल्या, "मग तेच तर मी म्हणत होते!" त्या ते म्हणत नव्हत्या, पण असो. भांडण मिटले.

थोरलीच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाच्या फीसाठी मी भिशीचे पैसे साठवले होते. आता जे सांगायचे ते सांगायला मी आज उभी आहे. बाकीचे पाणी घालून वाढवलेले.

शनिवार, २६ ऑक्टोबर २०२४. दिवाळीची साफसफाई चालू होती. संध्याकाळी मोबाइलवर निरोप आला की मागच्या महिन्याच्या विजेच्या बिलाची नोंद झालेली नाही, आज रात्री साडेनऊ वाजता तुमची वीज तोडण्यात येईल, अधिकाऱ्याशी संपर्क साधावा. खाली नंबर. बिल मी स्वतः भरले होते. पण दिवाळीच्या तोंडावर घरात अंधार, ह्या एका विचाराने माझे भान गेले. मी फोन केला. पलीकडचा माणूस अगदी शुद्ध मराठी बोलणारा, दर वाक्याला "ताई". तो म्हणाला, "ताई, घाबरू नका, नोंद करून देतो. हे एक ॲप घ्या आणि नुसते दहा रुपये भरा." ॲप घेतले. कार्डावरचा नंबर भरला. त्या ॲपमुळे माझ्या मोबाइलवर जे जे दिसत होते ते ते त्याला तिकडे बसल्या जागी दिसत होते, हे मला मागाहून कळले. बँकेकडून ओटीपीचा आकडा आला, तो मी त्याला सांगितलासुद्धा नाही. सांगायचा नसतो एवढे मला ठाऊक होते! पण त्याला तो दिसतच होता. चार-पाच मिनिटांत आधी ९,९०० आणि मग ८,५०० रुपये गेले. १८,४०० रुपये. फोन बंद झाला. वीज अर्थातच गेली नाही. त्या लख्ख उजेडात मी स्वयंपाकघरात खाली बसून राहिले.

आणि गंमत पाहा, दुसऱ्याच दिवशी सकाळी रेडिओवर 'मन की बात'मध्ये पंतप्रधान 'डिजिटल अरेस्ट'च्या फसवणुकीविषयी सांगत होते, की फोनवरून अटक करण्याची अशी कोणतीही तरतूद कायद्यात नाही. शेजारच्या घरात रेडिओ मोठा लावला होता. मी करंजीचे सारण भाजत ते ऐकले आणि पदराने डोळे पुसले. सगळ्यांना वाटले धूर लागला.

मी कोणालाच सांगितले नाही. लक्ष्मीपूजन केले, भाऊबीज केली, पाडव्याला ह्यांना ओवाळले. सांगितले नाही कारण पुढचे वाक्य मला पाठ होते, "सातवी शिकलेली बाई, तिच्या हातात मोबाइल दिला की असेच होणार." मग खाते मुलाच्या ताब्यात, मोबाइल मुलाच्या ताब्यात, आणि माझी भिशीही बंद. बारा दिवस मी सुतकातल्यासारखी वावरले.

७ नोव्हेंबरला दिवाळीनंतरचा पहिला गुरुवार. बाईंनी डिजिटल अरेस्टचीच बातमी वाचायला घेतली. एक जण म्हणाल्या, त्यांच्या मनात वाईट नव्हते, "अशिक्षित बायकांना बरोबर हेरतात मेले." माझ्या मांडीवर पावट्याचे सूप होते. ते मी खाली ठेवले आणि म्हटले, "त्या अशिक्षित बायकांतली एक मी." आणि सगळे सांगितले. सांगताना मी कोणाकडे पाहिले नाही, पावट्यांकडे पाहत होते.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग बाईंनी चष्मा काढला, पेपराची घडी घातली आणि म्हणाल्या, "मी एम. ए. बी. एड. आहे. मागच्या वर्षी हयातीच्या दाखल्यासाठी म्हणून फोन आला होता. माझे ४२,००० गेले. मुलांना अजून माहीत नाही."

त्यानंतर वहिनींचे निघाले साडेतीन हजार, आणि ज्यांनी अशिक्षित बायका म्हटले त्यांच्या जावयाचे निघाले पावणेदोन लाख. आम्ही सात जणी होतो, त्यांतल्या चार घरी चोर येऊन गेला होता, आणि एकाच आवारात राहून चौघींनी दारे लावून घेतली होती. मी जर शनिवारी संध्याकाळी जिन्यावर उभी राहून मोठ्याने रडले असते तर निदान दुसऱ्या कोणाचे वाचले असते, आणि कदाचित माझेही. कारण बाईंचा तोच नातू मला १९३० ह्या नंबरवर फोन लावून देऊन पोलीस ठाण्यात घेऊन गेला तेव्हा तिथल्या हवालदारबाई म्हणाल्या, "ताई, पहिल्या तासा-दोन तासांत सांगितलं असतं तर पैसे ज्या खात्यात गेले तिथेच थांबवता आले असते. आता ते खात्याखात्यांतून फिरून बाहेर पडले." तक्रार नोंदवली. पैसे परत मिळाले नाहीत, ते आधीच सांगून टाकते, नाहीतर गोड शेवटाची वाट पाहत बसाल.

घरी यायला साडेआठ झाले. हे दारातच होते. मी सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?" मी म्हटले, "तुम्ही तरी टपरीवर डबा खात होतात तेव्हा मला सांगितलं होतंत का?" ह्यावर ते काही बोलले नाहीत. जेवणे झाली. झोपायच्या वेळी ते आपला मोबाइल घेऊन माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, "तो माणूस काय काय बोलला ते पहिल्यापासून सांग. आमच्या वर्कशॉपमध्ये पोरांना सांगतो." मी सांगितले. दोनदा सांगितले. दुसऱ्या वेळी आवाज कापला नाही.

थोरलीची फी कशी भरली, तर दोन हप्त्यांत भरली, आणि त्या वर्षी मी चकल्यांबरोबर अनारशांच्याही ऑर्डरी घेतल्या. ती २०२५ मध्ये चाकणला एका कंपनीत लागली. तिची बस पहाटे पाच चाळीसला येते. जेवण कँटीनचे आहे, आणि मी ते स्वतः जाऊन पाहून आले आहे. तिने मला फाटकाबाहेर थांब म्हणून फार विनवले, पण मी ऐकले नाही.

मंडळाच्या फळ्यावर डाव्या कोपऱ्यात १९३० हा आकडा गेल्या वर्षापासून लिहिलेला आहे, तो रांगोळीच्या स्पर्धेचा नंबर आहे असे समजून दोघींनी त्यावर फोन केला होता, म्हणून आता त्याच्याखाली 'पैसे गेले तर' असे लिहिले आहे. बाईंनी मुलांना सांगितले. मुले रागावली नाहीत. थोरला सुनेसह येऊन दोन दिवस राहून गेला.

अध्यक्षबाई घड्याळाकडे पाहताहेत, म्हणून एकच सूचना करते आणि खाली बसते. येत्या गुरुवारी सोन्याचा विषय आहे. माझे लग्न २००१ साली झाले तेव्हा तोळ्याला साडेचार हजारांच्या आतबाहेर भाव होता. एप्रिल २०२५ मध्ये तो लाखावर गेला. तेव्हा नवे घेणे दूरच, पण १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या प्रत्येक नव्या दागिन्यावर सहा अक्षरा-आकड्यांचा एक खुणेचा नंबर कोरलेला असावा लागतो, आणि तो मोबाइलवर सरकारच्या 'बीआयएस केअर' ह्या ॲपमध्ये घालून खरा की खोटा ते घरबसल्या पाहता येते. खजिनदारबाई ते करून दाखवणार आहेत. अक्षरे तिळाएवढी असतात. तेव्हा ज्यांनी अलीकडे काही केले असेल त्यांनी तो दागिना आणावा, चष्मा आणावा, आणि ज्यांच्याकडे मुलांच्या शाळेतले भिंग असेल त्यांनी तेही आणावे. गवार मी आणते.